कॉलेट : एका पकडीचे नाव



स्मृतिव्याख्यानासाठी समाज, संस्कृती, राष्ट्र असे ऐसपैस विषय घेण्याची आपल्याकडे रीत आहे. मी आज मुठीत मावेल अशा एका वस्तूच्या नावाबद्दल बोलणार आहे. ते नाव 'कॉलेट'. साहित्याच्या व्यासपीठाला हा शब्द नवखा आहे. पण पवनेच्या अलीकडे काळेवाडी आणि पलीकडे पिंपरी, पुढे भोसरी, चिखली, तळवडे आणि थेट चाकणपर्यंत जिथे जिथे लेथ फिरतो तिथे हा शब्द पाळीगणिक उच्चारला जातो. अर्धे श्रोते तो रोज वापरतात आणि उरलेल्या अर्ध्यांनी तो कधी ऐकलेला नाही, असे सभागृह मिळणे दुर्मीळ, आणि ते या गावात मिळते. माझे म्हणणे थोडक्यात असे : तांत्रिक शब्द कुठून आला आणि त्याचा अर्थ काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नाव ठेवणाऱ्याने वस्तूची कोणती बाजू पाहिली, एवढेच उगम सांगतो. अर्थ मात्र काम ठरवते. मराठीत परिभाषा घडवताना आपण बरेचदा उगमाचे भाषांतर करत बसतो, आणि ज्यांच्या हातात ती वस्तू आहे त्यांना विचारायचे राहून जाते. हे मला कॉलेटच्या आधाराने दाखवायचे आहे.

आधी वस्तू पाहू. कॉलेट म्हणजे कडक केलेल्या स्प्रिंग स्टीलची एक पोकळ नळी. तिला लांबीच्या दिशेने चिरा दिलेल्या असतात आणि तिचा बाहेरचा आकार निमुळता असतो. ही नळी तशाच निमुळत्या भोकात ओढली किंवा दाबली की चिरा मिटू लागतात, आतला व्यास केसभर कमी होतो आणि आतला धातूचा बार सगळ्या बाजूंनी सारखा आवळला जातो. दाब काढला की पोलाद आपल्या मूळ आकारात येते आणि बार सुटतो. आपल्याकडच्या शॉपमध्ये ज्या स्वयंचलित लेथला सरसकट 'ट्रॉब' म्हणतात, ते नाव ट्राउब या जर्मन कंपनीचे. त्या यंत्रावर हा खेळ अखंड चालतो : बार पुढे सरकतो, कॉलेट धरतो, टूल कापते, कापलेला तुकडा म्हणजे जॉब पडतो, कॉलेट सोडतो, बार पुन्हा सरकतो. तीन जबड्यांचा चकही बार धरतो, पण तो तीन ठिकाणी दाबतो. पातळ भिंतीची नळी त्यात धरली तर तिचा गोलपणा बिघडतो. कॉलेटची पकड पूर्ण परिघावर पसरते, म्हणून तो जॉबला दुखावत नाही. या गुणाची किंमतही आहे. चक लहानमोठे बरेच व्यास सामावून घेतो. कॉलेटची झेप तेवढी नसते. मिलिंग मशीनवर सर्रास दिसणाऱ्या ईआर जातीच्या कॉलेटचा पल्ला साधारण एका मिलिमीटरचा. १० मिलिमीटरचा कॉलेट १० ते ९ पर्यंत धरतो, त्याखाली दुसरा घ्यावा लागतो. म्हणून कॉलेट एकटा विकत घेत नाहीत, संच घेतात. ही ईआर पद्धत रेगो-फिक्स या स्विस कंपनीने १९७० च्या दशकात आणली आणि आज ती जगभर प्रमाण मानली जाते.

आता नाव. लॅटिनमध्ये मानेला 'कोलुम' म्हणत. मानेभोवतीचा पट्टा तो 'कोलारे', त्यावरून इंग्रजी 'कॉलर'. फ्रेंचमध्ये 'कोलुम'चे 'कोल' झाले आणि त्याला लघुत्वाचा प्रत्यय लागून 'कोले' झाले. लिहिताना शेवटी 'ट' येतो, बोलताना फ्रेंच माणूस तो गिळतो. इंग्रजांनी तो परत उच्चारात आणला आणि 'कॉलेट' झाले. म्हणजे आडनाव सांगायचे तर छोटी कॉलर. इथवर कोणताही बरा कोश सांगेल. खरी गंमत या शब्दाने पुढे कुठे कुठे मुक्काम केला त्यात आहे. फ्रेंचमध्ये 'कोले' म्हणजे झग्याची गळपट्टी. सशाच्या वाटेवर लावलेला तारेचा फास म्हणजेही 'कोले'. खाटकाकडे ते मानेकडचे मांस. दंतवैद्याकडे दाताचा दिसणारा भाग आणि मूळ यांच्यामधली अरुंद जागा. वनस्पतिशास्त्रात खोड संपून मूळ सुरू होते तो सांधा. नळजोडणीत पाइपाचे बाहेर वळवलेले तोंड. ताठ, उंच गळपट्टीवरून फ्रेंचांनी 'सोवळ्या, नाकावर माशी न बसू देणाऱ्या माणसा'साठी एक वाक्प्रचारही केला आहे, आणि एखाद्याला 'कोले'ला धरणे म्हणजे अगदी आपले मानगूट धरणे. इंग्रजीत हा शब्द १६ व्या शतकात आला तो जवाहिऱ्याच्या हातून : खड्याभोवतीची धातूची कड, ज्यात खडा बसवतात. मग काच फुंकणाऱ्यांनी फुंकनळीच्या टोकाला चिकटून राहणाऱ्या काचेच्या मानेला तो लावला. घड्याळजींनी बॅलन्सच्या दांड्यावर बसणाऱ्या त्या इवल्या, एका जागी चिरलेल्या पितळी कड्याला लावला, ज्यात हेअरस्प्रिंगचे आतले टोक अडकवतात. शेवटी तो लेथवर काम करणाऱ्या टर्नरकडे आला.

हे सगळे अर्थ एका ओळीत मांडले तर गोंधळ वाटतो. नीट पाहिले तर त्यांचे तीन थर दिसतात. काही अर्थ प्रत्यक्ष मानेचे आहेत : दात, झाड, काच, मांस. इथे 'कोले' म्हणजे वस्तूचा अरुंद झालेला भाग. काही अर्थ मानेभोवती असणाऱ्या गोष्टीचे : गळपट्टी आणि खड्याची कड. आणि काही अर्थ असे की जिथे भोवतालची वस्तू आवळते : सशाचा फास, घड्याळातले कडे, लेथचा कॉलेट. आधी अवयव, मग त्याभोवतीचे, मग भोवतून धरणारे, असा हा प्रवास आहे. पहिल्या थरात पकड नाही. दुसऱ्यात ती कायमची आहे. तिसऱ्यात पकड हेच सर्वस्व आहे. टर्नरच्या कॉलेटमध्ये मान उरलेलीच नाही. जो बार त्यात धरतात त्याला ना मान असते ना कंबर. शब्दातून 'गळा' निघून गेला आणि 'आवळणे' राहिले. आता कोणी म्हणेल की मग फास लावणाऱ्या शिकाऱ्याकडून टर्नरने हा शब्द उचलला असेल. तसे मानायला पुरावा नाही. इंग्रजीत हा शब्द कड्याच्या आणि कोंदणाच्या अर्थाने आला आणि तिथूनच यंत्राकडे वळला. दोन शब्दार्थ एकमेकांसारखे दिसतात म्हणून एक दुसऱ्यापासून निघाला असे होत नाही. व्युत्पत्तीच्या प्रांतात हा मोह फार नडतो.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा फ्रेंचांनीच देऊन ठेवला आहे. ज्यांच्या भाषेतून हा शब्द निघाला ते फ्रेंच टर्नर या वस्तूला 'कोले' म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'पँस', म्हणजे चिमटा. जर्मन टर्नर म्हणतो 'श्पान्-त्सांगे' : आवळणारी सांडशी. इटालियनही चिमट्याच्याच कुळातला शब्द वापरतो. आणि अमेरिकेत १९ व्या शतकात घड्याळाच्या छोट्या लेथवर हीच वस्तू 'चिरलेला चक' किंवा 'तारेचा चक' म्हणून ओळखली जाई. वस्तू एक, काम एक, पण इंग्रजाला तिच्यात गळपट्टी दिसली, फ्रेंचाला चिमटा, जर्मनाला लोहाराची सांडशी आणि अमेरिकन घड्याळजीला नेहमीच्याच चकची चिरलेली बहीण. यातले बरोबर कोण? हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येकाने वस्तूची एक बाजू पाहून नाव दिले आणि नाव रुळल्यावर ती बाजू विसरूनही गेला. श्पान्-त्सांगे म्हणताना जर्मन कामगाराच्या डोळ्यांपुढे सांडशी येत नाही, 'पाना' म्हणताना जसे आपल्या डोळ्यांपुढे शब्दाचा उगम नव्हे, हत्यारच येते. जर्मन यंत्रे आणि इंग्रजी कॅटलॉग हे दोन्ही चाकणमध्ये एकाच टेबलावर असतात. तेव्हा उगमावरून मराठी नाव करायचे ठरवले तर पहिला सवाल हा : उगम कोणाचा धरायचा? इंग्रजीवरून केले तर 'लघुग्रीवा' होईल, जर्मनवरून केले तर 'ताणसांडशी'. दोन्ही ऐकून यंत्र लावून देणारा सेटर हसेल आणि त्याचे हसणे रास्त असेल.

ध्वनीच्या मागे धावणाऱ्यांसाठी या शब्दाच्या आसपास खड्डेही पुष्कळ आहेत. हिऱ्याच्या तळाशी जो अगदी बारीक सपाट पैलू ठेवतात त्याला इंग्रजीत 'क्यूलेट' म्हणतात. तो फ्रेंचमधल्या बुडाच्या, म्हणजे ढुंगणाच्या शब्दावरून आला. पण इंग्रजी लेखनात त्याचा 'कॉलेट' असा अपभ्रंश झाला आणि कोशांतही शिरला. त्यामुळे एकाच दागिन्यात खड्याला वरून धरणारी कडही 'कॉलेट' आणि खड्याचे बूडही 'कॉलेट', एक मानेवरून आलेला आणि दुसरा थेट विरुद्ध टोकावरून. 'फेरूल' घ्या. काठीच्या टोकाची शेंबी, पेन्सिलीला खोडरबर धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी, वायरच्या टोकावर दाबून बसवायची नळी आणि महापालिकेच्या मुख्य जलवाहिनीवर घरच्या नळासाठी बसवतात तो जोड, या सगळ्यांना फेरूल म्हणतात. लॅटिन जाणणारा चटकन म्हणेल, 'फेरुम' म्हणजे लोखंड, त्यावरून फेरूल. तसे नाही. मूळ शब्द 'विरिओला', म्हणजे छोटे कंकण. लोखंडाच्या शब्दाशी साधर्म्य दिसले म्हणून लोकांनीच तो पुढे 'फेरूल' केला. यंत्रातला 'बुश'ही तसाच. इंग्रजी झुडपाशी त्याचा काही संबंध नाही. तो डच भाषेतल्या डब्यावरून आला. आणि 'चक'? मराठी कानाला तो 'चाक'चा भाऊ वाटतो. फिरतोही तसाच. पण इंग्रजी 'चक' बहुधा लाकडाच्या ओंडक्याच्या एका जुन्या शब्दाचे रूप आहे. आपल्या चक्राशी त्याचे नाते नाही.

उलट ज्याच्यावर कोणी संशय घेणार नाही त्याचेच नाते लागण्याची शक्यता आहे. संस्कृत 'चक्र', ग्रीक 'किक्लोस' आणि इंग्रजी 'व्हील' हे तिन्ही फिरण्याच्या एकाच आदिम धातूपासून आले, यावर भाषाशास्त्रज्ञांत वाद नाही. त्याच धातूपासून संस्कृत 'चर्' आणि लॅटिनमधले शेत कसणे, वस्ती करणे या अर्थाचे क्रियापद आले, ज्यातून 'कल्चर' आणि 'कॉलनी' हे शब्द निघाले. मानेचा 'कोलुम' याच धातूचा, कारण मान म्हणजे डोके ज्यावर फिरते तो भाग, असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. काहींना ते मान्य नाही. पहिली बाजू खरी असेल तर लेथच्या स्पिंडलमध्ये बसून फिरणारा कॉलेट आणि कुंभाराचे चाक फार दूरचे चुलत भाऊ ठरतात, आणि शेजारी बसलेला चक तिऱ्हाईत ठरतो. मला ही व्युत्पत्ती आवडते. आवडते म्हणून मी ती सिद्ध मानत नाही. एवढे मात्र तिच्यावरून नक्की दिसते की ऐकू येणारे साम्य आणि खरे नाते यांचा मेळ बसेलच असे नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. 'कॉलर' आणि 'गळा' इतके जवळ ऐकू येतात, मग गळ्यापासूनच कॉलर निघाली असे का म्हणू नये? कारण भाषांमधले नाते ध्वनींच्या नियमित जुळणीवर ठरते, एखाद्या सुट्या साम्यावर नाही. संस्कृतचा 'ग' आणि लॅटिनचा 'क' एकमेकांसमोर नियमाने येत नाहीत. गळ्याचा खरा सोबती लॅटिनमध्ये 'गुला' मानतात, घसा या अर्थाचा, ज्यातून इंग्रजीत अन्ननलिकेसाठी 'गलेट' आला. गळा आणि गिळणे यांचे नाते ध्यानात घेतले तर ते पटतेही : आपला गळा आतून गिळणारा आहे आणि त्यांची मान बाहेरून फिरणारी. इंग्रजी शब्द संस्कृतातून काढून दाखवण्यात ज्यांना धन्यता वाटते त्यांना हा निकाल रुचणार नाही. पण भाषेचा अभिमान आणि भाषेचा अभ्यास यांत निवड करायची वेळ आली तर व्याख्यानमालेने अभ्यासाची बाजू घ्यावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा : मराठीत आवळणाऱ्या, वेढणाऱ्या कड्यांची नावे काय कमी आहेत? जवाहिऱ्याच्या कॉलेटला आपल्याकडे 'कोंदण' आहे, तेही इंग्रजी शिकण्याच्या कितीतरी आधीपासून. काठीला शेंबी आहे. बैलगाडीच्या चाकाला धाव आहे. मग परका शब्द कशाला? हा आक्षेप धरून वस्तूंकडे जाऊ या. कोंदण हा नितांत सुंदर शब्द आहे. कोंदणे म्हणजे दाबून भरणे. खड्याभोवती सोन्याचे पातळ पान दाबून दाबून भरण्याची आपली रीत त्या नावात उतरली आहे. फ्रेंच कारागिराने खड्याभोवतीची कड पाहिली. आपल्या कारागिराची नजर ती कड भरण्याच्या क्रियेवर होती. पण कोंदणाचा हेतू खडा जन्मभर न सुटण्याचा. ज्या कोंदणातून दर काही सेकंदांनी खडा सुटतो त्याला आपण कोंदण म्हणणार नाही, सोनार बदलू. धाव लोहार तापवून चढवतो, ती निवताना आकसते आणि लाकडी चाक आवळून धरते. पकड जबरदस्त, पण तीही कायमची. शेंबीचे काम काठीचे टोक फाटू न देण्याचे, पकडण्याचे मुळीच नाही. कॉलेटचा प्राण धरणे आणि सोडणे या दोन्हींत आहे, पुन्हा पुन्हा, त्याच जागी, शतांश मिलिमीटरच्या हिशेबात. हे काम आपल्या जुन्या कारागिरीत नव्हते, म्हणून त्याचा शब्दही नव्हता. यात कमीपणा काही नाही. फेरूलच्या बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. काठीचा, छत्रीचा, हत्याराच्या मुठीचा फेरूल ही सरळ शेंबीच आहे आणि तिथे परका शब्द आणणे आळशीपणाचे आहे. नळजोडाचा फेरूल वेगळा. त्याचे नाव प्लंबरपासून महापालिकेच्या अर्जापर्यंत रुजले आहे आणि ते उपटून काही हाती लागणार नाही. माझा आग्रह परक्या शब्दांचा नाही. कोणता शब्द ठेवायचा ते काम पाहून ठरवावे, एवढाच आहे.

तिसरा आक्षेप थेट भाषाशुद्धीचा. असे एकेक शब्द आत घेत गेलो तर मराठीचे काय उरेल? या प्रश्नाला आपल्या इतिहासात चांगले उत्तर आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला आणि रघुनाथपंत हणमंत्यांच्या नावाने ओळखला जाणारा राजव्यवहारकोश फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देतो. राज्याभिषेकानंतर अमात्य, सचिव, सेनापती ही पदनामे प्रत्यक्ष कारभारात आली. त्यातला सचिव आज मंत्रालयात बसलेला आहे. पण त्याच यादीतल्या पेशव्याला मुख्य प्रधान करण्याचा प्रयत्न लोकांच्या तोंडी टिकला नाही. पुढचा सगळा काळ आपण पेशवाई म्हणूनच ओळखतो. २० व्या शतकात सावरकरांनी दिलेले महापौर, दिनांक हे शब्द इतके रुळले की ते घडवलेले आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ११ ऑक्टोबर १९८२ ला पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि पुढे तिला महापौर मिळाले, मेयर नाही. हे यश खरे आहे. पण ते कुठे मिळाले ते पाहा. हे शब्द कागदावर जगतात : हुकूम, पाटी, अर्ज, शिक्का. कागद ज्याच्या हातात, शब्द त्याच्या हातात. सरकारने एका परिपत्रकाने 'तारीख'च्या जागी 'दिनांक' छापला की काम झाले. कॉलेट कागदावर जगत नाही. तो डब्यावरच्या आकड्यासह येतो, उस्तादाकडून शिकाऊ मुलाच्या कानावर पडतो, आणि पाळी बदलताना 'कॉलेट सैल धरतोय, बार सरकतोय' असा एका माणसाकडून दुसऱ्याला सांगितला जातो. तिथे परिपत्रक पोहोचत नाही.

कामगाराने आळसाने इंग्रजी उचलले, असेही कोणी समजू नये. मुंबईच्या गिरण्यांत शिफ्टला 'पाळी' म्हणणारा, सायरनला 'भोंगा' म्हणणारा आणि गैरहजेरीला 'खाडा' म्हणणारा हाच वर्ग होता. हे शब्द कोणत्याही समितीने दिलेले नाहीत. वेळ, आवाज, हजेरी या गोष्टी माणसाच्या अनुभवातल्या होत्या, म्हणून त्यांना घरचे शब्द मिळाले. जी वस्तू नाव आणि नंबर घेऊनच खोक्यातून बाहेर आली, तिचे आलेले नाव राहिले. ही निवड बेशिस्त नाही, तिच्यात तर्क आहे. आणि घेतलेला शब्द मराठीने आपल्या व्याकरणात बसवला : कॉलेटचा, कॉलेटमध्ये, कॉलेटला. शब्द कोणत्या भाषेचा, हे त्याच्या जन्मदाखल्यापेक्षा त्याला लागणाऱ्या विभक्तीवरून ठरवणे मला अधिक योग्य वाटते. नाहीतर 'किल्ला', 'कागद', 'बटाटा' हे सगळेच आपल्याला परत करावे लागतील.

मग एवढे वापरातले शब्द मराठी कोशांत का दिसत नाहीत? इथे कॉलरचा दुसरा अर्थ मदतीला येतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी १९ व्या शतकात शर्टाला वेगळी लावता येणारी कॉलर बनू लागली आणि ते गाव कॉलरचे शहर म्हणूनच ओळखले गेले. शर्ट रोज धुवायला नको, कॉलर तेवढी पांढरीशुभ्र हवी. त्या पांढऱ्या कॉलरवरून २० व्या शतकाच्या सुरुवातीला कचेरीत बसणाऱ्यांचे नाव पडले आणि मागोमाग निळ्या कॉलरचा कामगार आला. मराठीला ही वाटणी आयात करावी लागली नाही. 'पांढरपेशा' हा शब्द मोल्सवर्थच्या कोशातच आहे, आणि त्यात कॉलर नाही, नुसताच पांढरेपणा आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची मोठी दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळातला. या कोशकारांनी सुताराचे, लोहाराचे, कातार्‍याचे शब्द बऱ्यापैकी गोळा केले. तो त्यांचा मोठेपणा आहे. पण पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली १९५४-५५ मध्ये आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले १९६२ मध्ये. म्हणजे या पट्ट्यातली मराठी जन्मली तेव्हा मोठे कोश छापून झाले होते. त्यानंतर जे परिभाषेचे काम झाले त्याची दिशा इंग्रजी पुस्तकाकडून मराठी पुस्तकाकडे अशी राहिली. शॉपकडून पुस्तकाकडे ती क्वचितच गेली. कोश करणाऱ्यांना कॉलर होती, कॉलेट नव्हता.

याने काय बिघडते, असे कोणी विचारेल. सेटरला कॉलेटची व्युत्पत्ती कळली नाही म्हणून बार सरकत नाही. खरे आहे. पण व्याख्या नसण्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. शाफ्टवर बसवायची कॉलर घ्या. ती सेट स्क्रूने घट्ट करतात. त्या स्क्रूचे डोके बाहेर राहिले आणि शाफ्ट फिरत असला तर ते बाही पकडते, आणि बाहीमागे हात जातो. म्हणूनच १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टने कलम २६ मध्ये फिरत्या शाफ्टवरचा प्रत्येक सेट स्क्रू, बोल्ट आणि चावी आत बुडवलेली किंवा झाकलेली असावी असे बजावले, आणि कलम २२ मध्ये चालू यंत्रापाशी जाणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असे सांगितले. एका कॉलरने दुसरी कॉलर ओढू नये, यासाठी कायद्याला दोन कलमे लागली. असे नियम ज्याच्या जिवासाठी आहेत त्याला ते त्याच्या शब्दांत कळले पाहिजेत. भिंतीवरच्या सूचनेत 'कंठिका' असे काही लिहिले तर ती अचूक मराठी असेल आणि तरी वाया जाईल. 'कॉलर' लिहून तिच्याखाली 'शाफ्टवर बसवलेले, स्क्रूने आवळलेले कडे' असे दोन ओळींत लिहिले तर नवा आलेला मुलगाही समजेल, मग तो लातूरचा असो नाहीतर बिहारचा. व्याख्या मराठीत असावी आणि नाव रूढ असावे, हा माझ्या मते सगळ्यात व्यवहारी तोडगा आहे. मग उगमाचा उपयोग कुठे? शिकवताना. 'कॉलेट म्हणजे मुळात गळ्याभोवतीची पट्टी' एवढे वाक्य शिकाऊ मुलाला सांगितले तर कॉलेट चहूबाजूंनी धरतो आणि चक तीन ठिकाणी धरतो हा फरक त्याच्या लक्षात राहतो. उगम स्मरणाला आधार देतो. त्याला व्याख्येच्या खुर्चीत बसवू नये.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो जुन्या ग्रंथांच्या बळावर मिळाला, आणि रास्त मिळाला. त्याच्या जोडीला नव्या मराठीचा एक कोश आपल्या हातचा आहे, आणि तो मुंबईत किंवा पुण्याच्या पेठांत होणार नाही. तो इथे होईल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही, वही हवी. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, प्रेस, फौंड्री, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट असे विभाग करा. प्रत्येक शब्दापुढे पाच गोष्टी लिहा : वस्तू काय काम करते, तो शब्द कोणत्या शॉपमध्ये ऐकला, त्याला 'तो' म्हणतात की 'ती' की 'ते', तो बिघडला तर काय म्हणतात, आणि त्याच वस्तूला दुसरे कोणते नाव आहे का. चौथा रकाना सोडू नका. वस्तूचे खरे काम ती बिघडल्यावरच्या वाक्यात सापडते. आयटीआयच्या निदेशकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून वर्षाला एक विभाग पुरा करून घ्यावा. निवृत्त फिटर, टर्नर आणि टूलमेकर मंडळींनी तो तपासावा, कारण सामान्य भाषा-शिक्षकाला त्यातली चूक दिसणार नाही. काळेवाडी आणि आसपासच्या वाचनालयांनी या वह्या जपाव्यात, आणि पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेने एक संध्याकाळ वक्त्याऐवजी त्या वह्यांच्या वाचनाला द्यावी. आज सभागृहात जे टर्नर, सेटर, फिटर आले आहेत त्यांनी बाहेर पडताना संयोजकांकडे आपल्या शॉपमधले निदान दहा शब्द लिहून द्यावेत, ही माझी विनंती आहे.